पिंपाला धुरी

अहो घ्या की साहेब, फुलपात्राला काय झालंय — स्टीलचंच हाय, सकाळीच घासलंय. ग्लासची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. रविराज गेलाय दिंडोरीला, मोटरसायकलवर, ग्लास आणायला — आधी जिथं कामाला होता ना, त्या वायनरीतनं — पोटाला गोल आन् तोंडाशी बारीक असले ग्लास असतात म्हणे, ह्या काळ्या बीरला तसलेच लागतात, साध्या भांड्यात ओतली की वास उडून जातो. कुठं जातो उडून? ते काय मला सांगितलं नाय. मला एवढंच बजावून गेला, की आई, पुण्याचे साहेब लवकर आले तर पाणी दे, चहा दे, आन् बाकी कशालाबी हात लावू नको. आता तुम्ही पहाटेचे निघालेला माणूस, नाशकात द्वारकेच्या चौकात ट्रकांच्या मधोमध अडकलेला, सदरा पाठीला चिकटलेला — आन् मी तुम्हाला चहा देऊ? भर वैशाखात? माझ्या हातून नाय होणार. मी त्याची आई हाय, कुसाबाई म्हणतात मला, आन् ह्या घरात पाहुण्याला काय द्यायचं ते अजून तरी मीच ठरवते.

हं, घ्या. — अहो, वास किती घेताय, बोंबील हाय का तो? बरं बरं, तुमचं कामच हाय ते, तुमच्या धंद्यात आधी नाकानं प्यायची असते, मला ठाऊक हाय, आमचा रविराजपण तसंच करतो — नाक खुपसतो, डोळे मिटतो, मंग वर पत्र्याकडं बघत बसतो, जसं काय पत्र्यावर कुणी लिहून ठेवलंय. मंग एक घोट घेतो, ह्या गालातनं त्या गालात, त्या गालातनं ह्या गालात — आन् थुंकतो. पहिल्यांदा थुंकला तेव्हा मला वाटलं, गेलं, हेबी नासलं. तर नाय म्हणे, चव बघायची तर थुंकायचंच असतं. आता तुम्ही पाहुणे, पण आधीच सांगून ठेवते साहेब, माझ्या ओट्यावर थुंकायचं नाय. तिकडं तुळस हाय, इकडं झेंडूची रोपं, आन् मधी म्हैस. लवंग, दालचिनी, चक्रीफूल, जायपत्री, एवढा मसाला घातलेला — आमच्या जावेच्या पोरीच्या लग्नातल्या मटणाला सुद्धा एवढा नव्हता — तो काय थुंकायला? गपगुमान गिळायचं.

गिळलं? शाब्बास. कसं लागलं? — बघा, डोळे मोठे झाले. तोंड लपवता येतं, डोळे नाय. आधी कडू लागतं, व्हय ना? मंग कॉफीवानी, मंग काळ्या गुळावानी, मंग मसाला चढत येतो वर, आन् घोट खाली उतरला, संपलं असं वाटतं, तोच मागनं आणखी काहीतरी येतं. काय ते? धूर म्हणता? असंल धूर. धुराच्या आत आणखी काहीतरी हाय, ओळखू येत नाय, म्हणता? राहू द्या. सगळंच ओळखू आलं तर मंग पुन्हा कोण पिणार. आणखी घाला थोडं. चमचाभर काय दाखवता, मी काय नैवेद्य दाखवतेय का तुम्हाला.

तसं रविराजनं लय खस्ता खाल्ल्या ह्याच्यासाठी, ते तुम्हाला कळलं पाहिजे. तो सांगणार नाय. तो तुमच्यापुढं टक्के आन् तापमान असलं बोलत बसंल. नाशकात शिकला, बी.एस्सी., जंतूंचं शास्त्र — आम्ही माळी, फ्लॉवर-मेथी काढावी, झेंडू-शेवंतीची गाडी पहाटे मार्केटला न्यावी, आमच्या सात पिढ्यांत जंतूंना कुणी एवढी इज्जत दिली नव्हती. मंग वायनरीत लागला. चांगलं चाललं होतं, डब्यात दोन भाकऱ्या, महिन्याला रजा. पण द्राक्षाचं करून ह्याचं मन भरंना. नाशकात कंप्युटरच्या दुकानात तासन् तास बसायचा, आन् एक दिवस घरी आला ते जवाचं पोतं घेऊन. म्हणलं, कुणाची पूजा हाय? तर म्हणे बीर करायची, काळी. ते जव भिजवले, मोड आणले, माझ्या लुगड्यावर वाळवले, आन् फुटाणेवाल्याच्या भट्टीवर नेऊन काळे होईस्तोवर भाजून आणले. फुटाणेवाला मला रस्त्यात गाठून म्हणला, वहिनी, पोराचं कुठं काय प्रेमबीम बिघडलंय का?

पहिलं केलं ते प्लॅस्टिकच्या टाकीत — आंबलं. दुसरं आंबलं. तिसरं बाटल्यांत भरलं तर त्या बाटल्या भर दुपारी कांद्याच्या चाळीत फुटायला लागल्या, धाडधाड, आन् आमचे हे — केरूनाना, रविराजचे वडील — कोयता घेऊन धावले, त्यांना वाटलं दरोडा पडला. मंग ते आंबलेलं सगळं फ्लॉवरच्या पाटात ओतून दिलं. ते पाणी आमची म्हैस प्यायली. हीच, ही बसलीय ती, आता बघा कशी साळसूद बसलीय. त्या दिवशी दूध काढायला केरूनाना गेले तर हिनं त्यांच्या खांद्यावर मान टाकली, आन् हलंना. तासभर. ते वरडतायत, म्हैस डोळे मिटून झुलतेय. सगळी वाडी बघायला आली. मी हसले, लय हसले, खोटं कशाला बोलू, पण रविराज नाय हसला. तो चाळीच्या दारात बसून राहिला तोंड पाडून. तेव्हा केरूनाना म्हणाले त्याला. एवढे लोक उभे, आन् सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आईच्या पदराखाली बसून दारूच गाळायची होती तर शिकलास कशाला?"

ते लागलं त्याला. मलाबी लागलं, पण मला सवय हाय, मी संध्याकाळी आमटीत मीठ जास्त घातलं आन् मिटवलं. त्याचं मिटलं नाय. तेव्हापासनं बापलेक बोलत नायत. एकाच ताटवाटीच्या घरात, दोन वर्षं, सगळं माझ्यातनं. "तुझ्या पोराला सांग मोटर बंद कर." "बाबांना सांग केलीय." मी मधी टेलिफोनच्या खांबावानी उभी.

आन् त्या दिवसापासनं त्याला आणखी एक खूळ लागलं — स्वच्छता. जंतू गेले म्हणे आत, म्हणून आंबलं. मंग काय, कांद्याची चाळ होती ती धुतली, चुना मारला, आन् मला तर बंदीच. आई, आत येऊ नको. आई, हात धुऊन ये. आई, तू आत्ता शेणाला हात लावलास, हात धुऊन ये. अरे, ह्याच हातांनी तुला मोठा केला की, तेव्हा नाय मेलास ते. पण नाय. दिवसभर तेच. हात धुऊन ये. हात धुऊन ये. माझ्या हातांच्या रेषा गेल्या धुऊन, आता कुणी ज्योतिषी भविष्यबी सांगणार नाय.

असो. पुढचं तुम्हाला माहीतच हाय. गेल्या वैशाखात वायनरीनं जुनी पिंपं काढली विकायला — ओक नावाचं झाड, फ्रान्सचं लाकूड, चार-पाच वर्षं वाईन मुरवली की त्यांच्या कामाचं राहत नाय, हॉटेलवाले नेतात आन् मधोमध कापून त्यात जास्वंद लावतात. रविराजनं एक आणलं. त्यात भरली ही काळी, मसाल्याची पुरचुंडी आत सोडली — माझं चक्क्याचं फडकं फाडून, मला न विचारता — आन् दिवाळीला काढली. एक बाटली तुम्हाला पाठवली, तुमचं पुण्याला स्वतःची बीर गाळणारं हॉटेल निघतंय ते पेपरात वाचून. आन् तुमचा फोन आला. अहो, काय सांगू, तो फोन घेतल्यावर पोरगं मार्केटला गेलं ते सगळी शेवंती फुकट वाटून आलं. तुम्ही म्हणलात ना त्याला, की असली बीर मी कुठं प्यायलो नाय, पण एकदा काय, कुणालाही जमतं — दुसऱ्यांदा तशीच करून दाखव, तर माझ्याकडं ये, सगळी भट्टी तुझ्या हातात देतो. रास्तच बोललात. मी तुमच्या जागी असते तर मीबी तेच म्हणले असते. तेव्हा त्यानं दुसरं पिंप आणलं, दिवाळीनंतर भरलं, आन् आज तुम्ही ते प्यायला आलात. त्याचा सगळा जीव त्याच्यात अडकलाय साहेब. एकतीस वर्षांचा घोडा, लग्नाचं नाव काढू देत नाय, म्हणतो आधी हे होऊ दे.

काय म्हणता? तीच चव? दिवाळीच्या बाटलीत होती तीच, डिट्टो, केसाचा फरक नाय? मंग, म्हणलं ना मी. अहो असणारच, तेच तर हाय ते. दिवाळीचंच. नवं तर चाळीत कुलपात हाय, किल्ली त्याच्या खिशात, मी कुठनं देणार तुम्हाला नवं. हे माझं — तांदळाच्या कोठीमागं ठेवलेलं — गुडघ्यासाठी घेते मी रोज, दूध काढून झालं की, एवढंसं. त्याला माहीत नाय. तो म्हणतो पिंपातली बीर दर महिन्याला कमी होते, लाकूड पितं, हवा पिते, तसं त्याच्या कंप्युटरवर लिहिलेलं हाय. मी म्हणते असंल बाबा, लाकडाला तहान लागत असंल. म्हणून मंग बाटल्या भरताना थोड्या मी मागं —

असं का बघताय?

अरे देवा. नाय नाय नाय, साहेब, तुम्ही भलतंच समजलात. फसवलं नाय मी. तुम्हाला मी नवं म्हणून दिलंच नाय, पाहुणा तहानलेला आला म्हणून दिलं, तुमचं तुम्हीच समजलात की हे नवं. आन् नवं काय वाईट हाय का? नवंबी चांगलं हाय. चांगलंच हाय. म्हणजे — काळं हाय. मसाला तोच, जव तेच, भट्टी तीच. थोडं — आता कसं सांगू — त्याच्या भांड्यात उरलेलं केरूनानांनी चाखलं, तर म्हणतात भांडी विसळलेलं पाणी. पण त्यांचं काय मनावर घेता, ते माझ्या आमटीलाबी तेच म्हणतात. रविराज स्वतः काय म्हणतो? तो प्याला, थुंकला, पुन्हा प्याला, पुन्हा थुंकला. मंग पाणी तपासलं. मंग हवा तपासली. मंग म्हणाला ग्लास. चांगल्या ग्लासात फरक पडंल. म्हणून गेलाय ना दिंडोरीला. पोरगं ग्लासाच्या आशेवर गेलंय.

उठू नका. अहो उठू नका म्हणते ना, बॅग कशाला उचलता. पुण्याहून येऊन ओट्यावरनं परत जायचं, असं कुणी करतं? बसा. बसा हो. तो येऊन बघंल, तुमची गाडी नाय, आन् मी ओट्यावर फुलपात्र घेऊन बसलेली — काय सांगू मी त्याला? मंग केरूनाना काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. बसा. तुम्हाला ते मागनं येतं ते काय, ते पाहिजे ना? धुराच्या आत काय हाय ते? तेच नव्यात नाय, तेवढंच कमी हाय. सांगते. पण हे त्याच्या कानावर गेलं तर बघा.

हिंग.

हसू नका. हिंग हाय तो. खडा हिंग. — नाय, आत नाय घातला, मी काय येडी हाय का बीरमध्ये हिंग टाकायला. ऐका. तुमच्याकडं लोणचं घालतात ना? वर्षाचं? मंग घालायच्या आधी बरणीला काय करतात? आईला विचारा तुमच्या. बरणी धुवायची, उन्हात वाळवायची, आन् मंग चुलीतले दोन निखारे घ्यायचे, त्यावर चिमूटभर हिंग, तेलाचे दोन थेंब, धूर उठला की वर बरणी पालथी. धुरी द्यायची. आतनं बरणी धुरानं भरली की मंग लोणचं भरायचं. वर्षभर बुरशी धरत नाय, आंबत नाय. माझ्या सासूनं दिली, सासूच्या सासूनं दिली. ज्यात काय मुरवत ठेवायचं ते भांडं धुरीशिवाय भरलेलं मी जन्मात बघितलं नाय. आन् हा आमचा शास्त्रज्ञ, गेल्या वैशाखात एवढं मोठं पिंप आणून अंगणात टाकलं, गरम पाण्यानं धुतलं, वाळवलं, आन् म्हणाला उद्या भरणार. सहा महिने मुरवणार. म्हणलं, आन् धुरी? हे मनात म्हणलं, तोंडानं नाय, तोंडानं म्हणले असते तर पुन्हा हात धुऊन ये.

तो गेला मसाला आणायला नाशकात, रविवार कारंज्याला. केरूनाना मळ्यात. मी एकटी. पिंप आडवं पाडलं — लय जड हो, कंबर धरली माझी — दोन्हीकडं विटा लावल्या, त्याच्या पोटाला ते एक भोक असतं ना, ते खाली केलं, आन् त्याच्याखाली घमेल्यात निखारे. बरणीला चिमूटभर हिंग लागतो, पिंपाला किती लागतो कुणाला माहीत, मी आख्खा खडा टाकला. वरनं ओलं गोणपाट. आत धूर, बाहेर धूर, मला ठसका, म्हैस खुंट्याला हिसके देतेय. आन् निखारे पेटलेलेच होते तर म्हणलं दृष्टबी काढून घेऊ, तीनदा जिनसा आंबल्यात पोराच्या, कुणाची तरी लागलीच असंल — मीठ-मोहरी-मिरच्या पिंपावरनं उतरवल्या आन् त्याच घमेल्यात टाकल्या. वणीच्या देवीला म्हणलं, माय, ही दारू हाय हे तुला माहीत हाय, मलाबी माहीत हाय, पण ह्या बारीला आंबू देऊ नको, पोरगं खचंल. भोकातनं धूर मागं यायला लागला तेव्हा उठले. सगळं आवरलं. हात धुतले, बघा, तेव्हा मात्र लक्षात ठेवून धुतले. तो आला, म्हणाला कसला वास येतोय गं? म्हणलं आमटीचा.

आन् त्या दिवाळीला हे झालं. जे तुम्ही प्यालात ते.

दुसऱ्याला का नाय दिली म्हणता? कशी देणार? पहिलं चांगलं झालं आन् ह्यानं चाळीला कुलूप घातलं. कुणाचा हात लागू नये म्हणून. बोला आता. दुसरं पिंप आलं ते टेम्पोतनं थेट आत. मी दारापाशी दोनदा घमेलं घेऊन गेले, एकदा तर खिडकीतनं धूर घालायला बघितला, तर आतनं म्हणतो आई, चूल बाहेर पेटव, जंतू येतात.

त्याला सांगून टाका म्हणता. लय सोपं वाटतं तुम्हाला. काय सांगू? की बाबा, तू दोन वर्षं डोळे फोडलेस, जंतू मोजलेस, आन् जे पुण्याच्या साहेबाला आवडलं ते तुझ्या आईच्या घमेल्यातलं? बाप काय म्हणाला होता त्याला, सगळ्यांच्या देखत? आईच्या पदराखाली. आन् मी जाऊन सांगू की व्हय रे, पदराखालीच. त्याच्यापाशी एवढं एकच हाय साहेब त्याचं सोताचं. आन् खोटंबी नाय ते. जव त्यानंच भाजले, मसाला त्यानंच निवडला, महिनाभर रोज नाक लावून बसायचा. मी काय केलं? धूर केला. नुसत्या धुराला कोण पितं? ते काळं पाणी त्याचंच हाय, मी फक्त — जाऊ द्या. मी मेल्यावर सांगा त्याला. दहाव्याला. रामकुंडावर पिंडाला कावळा शिवला नाय तर समजा की हेच सांगायचं राहिलंय, तिथंच मोठ्यानं सांगून टाका, लगेच शिवंल.

तुमची आई हाय ना? कुठं असते? — सांगलीला. एकटीच? — आन् तुम्ही जाता कधी? — दिवाळीला. आन्? — दिवाळीलाच. गेल्या दिवाळीला जमलं नाय. असं. तरी नशीब, खरं बोललात.

नाय, मी काय बोलत नाय तुम्हाला. हॉटेल उभं करताय, कुठनं जमणार. मी आपली विचारात पडले. कारण खरं सांगू का — तुम्ही घरचेच झालात आता, हिंगापर्यंत पोचलात म्हणजे घरचेच — मला तो जायला नकोय. बिलकूल नकोय. पुणं काय लांब हाय, सगळे म्हणतात, पाच तासांवर. सांगलीबी पुण्याहून पाच तासांवर असंल. तो गेला की ह्या घरात मी आन् केरूनाना, आन् आम्हाला एकमेकांशी बोलायला काय राहिलंय, आम्ही त्याच्याबद्दलच तर बोलतो. आन् बघा, मला करायचंबी काय नव्हतं. गप बसले असते तर झालं होतं. तुम्ही नवं प्यायला असता, तोंड वाकडं केलं असतं, गेला असता. किंवा नेला असता त्याला भिडेखातर, आन् तिथं पिंपामागनं पिंप विसळलेलं पाणी निघालं असतं, आन् चार-सहा महिन्यांत पोरगं बॅग घेऊन परत ह्या ओट्यावर. माझ्याजवळ. जन्मभर. हिंग माझ्या डबीत, पोरगं माझ्या घरात. हे आज नाय सुचलं मला. त्याच्या भांड्यातलं ते नवं चाखलं ना चोरून, त्या दिवशीच कळलं काय कमी हाय ते, आन् त्या दिवशीच हे मनात आलं. आलं खरं. देवीच्या नावानं सांगते, गोड वाटलं.

पण तुम्ही बघितला नाय त्याला, काल. ते नवं पिऊन चाळीच्या दारात बसला होता. म्हैस झुलली त्या दिवशी बसला होता ना, तसाच. त्याच पायरीवर. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाला, आई, माझं काय चुकतंय तेच कळत नाय गं. असं आयुष्यात कधी म्हणाला नाय तो. हात धुऊन ये पण नाय म्हणाला.

थांबा हा एक मिनिट. — हं. ही डबी धरा. खडा हिंग हाय, पीठ मिसळलेला बांधानी नाय, अस्सल. धरा की भाऊ, साप नाय तो. साहेब-बिहेब आता नाय म्हणायची मी तुम्हाला, तुम्ही भाऊच. नीट ऐका. तुमच्या हॉटेलात तंदूर असणार, निखाऱ्याला तोटा नाय. पिंप येईल, रविराज धुईल, वाळवंल. मंग त्याला काहीतरी काम सांगून बाहेर पाठवायचा — बाजारात पाठवा, ग्लास आणायला पाठवा, त्याला ग्लास आवडतात — आन् तेवढ्यात भोक खाली, निखारे खाली, एक खडा, तेलाचे दोन थेंब, वरनं ओलं पोतं. माणूस ठेवू नका, स्वतः करा. धूर भोकातनं मागं आला की बस. मिरच्या तुमच्या मर्जीवर. संपला हिंग की मला कळवा, मी मेथीच्या जुडीत घालून पाठवीन. वासाचं विचारलं त्यानं तर आमटी म्हणा, तो मानतो.

आन् हे बघा, करणार की नाय ते मला तोंडानं सांगू नका. मला ऐकवणार नाय. तो आला की नवं प्या, चांगल्या ग्लासात प्या, आन् मंग — जेवायला थांबलात तर मी समजीन नेताय त्याला. पिठलं-भाकरी-ठेचा हाय, मुद्दाम काय केलं नाय. गाडीत बसलात तर समजीन नाय जमलं, आन् डबी जाताना ओट्याच्या पायरीवर ठेवा. दोन्हीत मी काय म्हणणार नाय. एकात रडीन, एकात रडणार नाय, कशात ते माझं मला.

गाडी वाजली. त्याचीच हाय, सायलेन्सर फुटलाय. ते फुलपात्र द्या इकडं, पदराखाली घेते. तोंड पुसा. मिशीला लागलंय काळं, डाव्या बाजूला. डबी खिशात घाला — आतल्या, वरच्या नाय, वास मारतो. आन् चेहरा नीट करा, पहिल्यांदाच पिताय असा. तुम्ही चहा प्यालात. साखर जास्त होती.

आलास? फुटले नाय ना ग्लास? — अरे हळू, बसलेत साहेब, पळून नाय चालले. काय दिलं म्हणजे? चहा दिला. हात नाय लावला कशाला, किल्ली तुझ्या खिशात हाय ना. — बसते की जरा, बघू दे मलाबी कसं ओततात ते. — केवढंसं ओतलंस रे. — बरं, गप बसते.

…

काय म्हणतात साहेब? — नाय, मी कुठं विचारतेय. मी आपलं चुलीचं बघायचं म्हणून विचारतेय. उशीर झालाय, गाडी लांबची, थांबता का जेवायला, की निघता?

…

थांबता.

बरं. पिठलं गरम करते. — तू काय दात काढत उभा राहिलास, जा, बाबांना हाक मार मळ्यातनं. व्हय, तूच मार, मी नाय सांगणार आता. आन् तो ग्लास ठेव खाली, ताटं घे. — आधी हात धुऊन ये.